मस्टर

बंद गिरणीच्या मागच्या माळावर
रविवारी साडेसहाला हजेरी लागते.
येमूलमामांकडे जुनं मस्टर आहे,
गिरणीचंच, शिक्क्यासकट,
शेवटच्या पगारानंतर कुणीतरी रद्दीत घातलेलं.
'कामगाराचे नाव' या रकान्यात आता
हिवर, बोर, करंज, पुन्हा हिवर.
खाडा असेल तर लाल शाई.

दोन पावसाळे फुटलं नाही
तरच नाव कापायचं, असा नियम.
तोवर ते झाड रजेवर.

महापालिकेचा टँकर येतो म्हणाला की येत नाही,
नाही म्हणाला की कधीकधी येतो.
घरच्या नळाला पाणी पाच दिवसांआड,
तरी जो तो दोन कॅन आणतो.
मेहबूब नदाफ स्कूटरवर सहा आणतो,
पाय ठेवायला जागा नसते,
तर पाय हवेत धरून.

रोपं काठीला बांधायला
टॉवेलच्या काठाच्या चिंध्या, गुलाबी, पोपटी.
मामांनी चाळीस वर्षं तुटले धागे सांधले
चालत्या मागावर, पापणी लवायच्या आत.
इथं मात्र पुन्हा पुन्हा सांगतात,
सैल मारा रे गाठ.
आणि तिसऱ्या वर्षी सोडा.

आम्ही विसरलो.
उत्तरेच्या कोपऱ्यातला कडुनिंब
सगळ्यांत जोमाचा, म्हणून
त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही.
फेब्रुवारीत दिसलं,
सालीनं चिंधी गिळलीय,
गुलाबी काठ आत,
खोडाला करगोट्यासारखा खोल वळ.
विळा लावावा तर साल निघणार,
न लावावा तर आवळत जाणार.
शिवलीला हत्तुरे, जी एरवी सगळ्यांना बोलते,
ती कॅनचं झाकण
लावत राहिली, काढत राहिली.
मामांनी वळावरून अंगठा फिरवला,
मग शेरा लिहिला:
हजर. चूक आमची.

मार्चात कुणी गवताला काडी लावली.
ओल्या पोत्यांनी झोडपत
आम्ही आग नाल्यापाशी अडवली.
त्या रविवारी
लाल शाईचं पेन मध्येच संपलं,
मामांनी उरलेली नावं तशीच सोडली.

नरसम्मा चिप्पा गेल्या वर्षीपासून येते.
झाडं मोजताना पंचवीस झाली की
'एक कट्टा' म्हणते, विड्यांसारखं.
आगीआधी सोळा कट्टे होते, वर नऊ.
एकदा तिनं विचारलं,
एवढं सगळं लावलंत,
पानाचं चेट्टु कुठंय? आमच्या विडीच्या पानाचं?
आठव्या वर्षापासून कापते मी,
झाड उंच असतंय की बुटकं, काय ठाऊक.

आम्हालाही ठाऊक नव्हतं.
नदाफनं फोनमध्ये बघितलं, म्हणाला, टेंभुर्णी.
शिवलीला म्हणाली, ते तर हायवेवरचं गाव की बे!
हसलो सगळे. नरसम्मा हसली नाही,
ती वाट बघत होती.

नळदुर्गाकडच्या एका मेंढपाळानं
तीन रोपं दिली, मुळं मातीसकट फडक्यात बांधून.
दोन गेली.
तिसरं नुसतं उभं,
वाढत नाही, मरत नाही.
आग त्याच्या वीतभर अलीकडे थांबली होती.

आज मे महिना, पारा चव्वेचाळीस.
नरसम्मानं पदराच्या गाठीतून पत्र्याचा फर्मा काढला,
तोच, ज्यावर ती रोज हजार पानं कापते,
कडा झिजून आता चमकतात.
वाकली,
सगळ्यांत मोठ्या पानावर अलगद धरला.
पान एक बोट कमी भरलं.

'लहान आहे अजून,' एवढंच म्हणाली.
फर्मा परत गाठीत गेला.
मामांनी मस्टर उघडलं, मिटलं.
आणि ती कॅन रिकामा होईस्तोवर
उन्हाच्या बाजूला सरकून उभी राहिली,
सावली नेमकी
त्या चार पानांवर पडेल अशी.